आत्याची अक्कलदाढ

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर धाकटीचा गाल सुजलेला दिसला. अक्कलदाढ आडवी आहे, नसेजवळ आहे आणि तिला झोप लागत नाही, असं तुमच्या बाबांनी सांगितलं. म्हणून ही आजी तुमच्या आत्याचं मागचं दुखणं नीट लिहून पाठवते आहे. फोनवर ते अर्धवटच राहिलं असतं.

आत्या पहिलीच्या वर्गाला मराठी शिकवते. तिचीही दाढ अशीच आडवी होती. आदिलाबादच्या डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं की दाढ काढताना नसेला धक्का लागला, तर खालचा ओठ कायमचा बधिर होऊ शकतो. तिच्या सासूबाईंना मात्र काळजी सुजेची. आमच्याकडे सुजेवर बिब्बा लावतात. आदल्या संध्याकाळी त्यांनी बिब्बा तापवला आणि त्याचं तेल तिच्या गालावर ओढलं. सकाळी गालभर फोड. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि कातडी बरी होईपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलली.

सासूबाई ओशाळल्या, पण गप्प बसल्या नाहीत. "बधिर झाला तं झाला ओठ. जेवता तं येईन ना?"

"पोरं माह्या ओठाकडं पाहून प, ब, म शिकते," आत्या म्हणाली. "माहाच ओठ नीट मिटला नाही, तं कोनाकडं पाहतीन?"

मधल्या दिवसांत डॉक्टरांनी जबड्याचा स्कॅन करवून घेतला. नस दोन मुळांच्या अगदी मधून गेलेली दिसली. मग त्यांनी बेतच बदलला. हिरडीला लहानसा छेद द्यायचा, दाढेचा वरचा भाग तेवढा कापून काढायचा आणि मुळांना हातच लावायचा नाही.

काम लवकर आटोपलं. पण भूल उतरेपर्यंत ओठाचं काय झालं ते कळणार नव्हतं. सासूबाई बर्फाची पुरचुंडी तिच्या गालाला धरून बसल्या. दुपार कलल्यावर आत्याने त्यांचा हात बाजूला सारला.

"खाली घसरून राह्यला बर्फ. ओठाले गार लागते."

"मंग ब म्हन," सासूबाई म्हणाल्या.

"बिब्बा."

सासूबाईंनी तोंड फिरवलं, पण त्यांचे खांदे हसत होते.

धाकटे, मुळं तशीच ठेवणं सगळ्यांच्याच बाबतीत जमतं असं नाही. तुझ्या डॉक्टरांना विचारून पाहा. आत्याच्या जबड्याचा नुकताच पुन्हा फोटो काढला. दाढेची दोन्ही मुळं अजून तिथेच, नसेशेजारी निवांत आहेत.