घुबडाचे दिवे

माझ्या धाकट्या दिराला सगळे घुबड म्हणतात, आणि हे नाव मीच ठेवलेलं आहे. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो शाळेत होता. दाराआड, पडद्यामागे, कपाटाच्या सांदीत अंधार करून उभा राहायचा आणि कोणी जवळून गेलं की मागून हळूच "वहिनी" म्हणायचा. माझ्या हातून किती कपबश्या त्याने फोडून घेतल्या, त्याची गणतीच नाही. वीज गेली की मेणबत्ती शोधून आणायचं काम त्याचं. आम्ही चाचपडत असायचो आणि हा आपला सरळ चालत जाऊन नेमका खण उघडायचा.

मोठा झाल्यावर तो शाळेची बस चालवायला लागला. लग्न केलं नाही, आमच्याच वरच्या खोलीत राहतो. सकाळी मुलांना शाळेत सोडतो, दुपारी परत आणतो. प्रत्येक मूल उतरताना तो न चुकता म्हणतो, "पायरी सांभाळ." मी एकदा विचारलं, "तेच तेच बोलून तोंड दुखत नाही का रे?" तर म्हणाला, "वहिनी, ज्या दिवशी म्हणणार नाही त्याच दिवशी कोणीतरी पडेल." असा हा माणूस.

दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात तो काय करतो, हे सांगितल्याशिवाय त्याची ओळख पुरी व्हायची नाही. एक जुना कॉम्प्युटर गेम आहे. त्यात आपण चोर असतो. मारामारी करायची नाही, अंधारात लपतछपत जायचं, पहारेकऱ्यांच्या नजरेत न येता वस्तू उचलायची आणि बाहेर पडायचं. गेम काढणाऱ्या कंपनीने तो केव्हाच वाऱ्यावर सोडला. पण वेड्यांना जगात तोटा नाही. हे वेडे स्वतःच नवी मिशन बनवतात, म्हणजे नवे वाडे, नव्या गल्ल्या, नवे पहारेकरी, आणि इंटरनेटवरच्या एका फोरमवर सगळ्यांना खेळायला देतात. आमचं घुबड अशी मिशन बनवण्यात पटाईत. आणि त्याच्या संगतीने मीही बिघडले. दिवसभर पडदे शिवायचे आणि संध्याकाळी पडद्यांमागे लपायचं, असा माझा संसार.

दर रविवारी दुपारी आम्ही चौघं जमतो. जागा म्हणजे किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानामागची खोली. तो स्वतः, घुबड, मी आणि समोरच्या दवाखान्यातली दातांची डॉक्टर. तिला आम्ही दातवाली म्हणतो, तिच्या तोंडावर. आमचा एक नियम आहे. मिशन 'भूत' होऊन खेळायचं. कोणाला दिसायचं नाही, कोणाला हात लावायचा नाही, उघडलेलं दार परत लावायचं. आपण आलो होतो याचा मागमूस राहता कामा नये.

यंदाच्या त्याच्या नव्या मिशनने मात्र सगळ्यांना रडवलं. एक मोठा वाडा, वरच्या मजल्यावर लांबलचक दालन, दालनाच्या टोकाला एक पेटी. ती पेटी आणायची. साधी गोष्ट. पण वाडाभर दिवेच दिवे! कोपऱ्यात दिवा, जिन्यावर दिवा, दिव्याशेजारी दिवा, आणि त्यातला एकही विझवता येत नाही. लपायला वीतभर अंधार नाही. फोरमवर नुसता गदारोळ झाला. कोणी लिहिलं, हे अशक्य आहे. कोणी लिहिलं, अशक्य नाही, पण बनवणाऱ्याला चाबकाने फोडला पाहिजे. आमच्यातही तेच.

"याला म्हणतात डोकं," दातवाली म्हणाली. "अंधाराचा खेळ आणि अंधारच काढून घेतला. माझ्या खुर्चीवर बसलेला पेशंट असाच तळमळतो."

"डोकं कसलं? आळस आहे," किल्लीवाला म्हणाला. "दालनाच्या डाव्या बाजूला भिंतीत भोक आहे. आरपार आभाळ दिसतंय. जिन्यापाशीही डावीकडे तसंच. याने तिकडे बघितलंच नाही."

घुबड हसला. "ते मुद्दाम ठेवलंय."

"भोक मुद्दाम?"

"शोधा म्हणजे सापडेल."

मग सगळे त्या भोकामागचं रहस्य शोधत बसले. फोरमवर त्यावर पानंच्या पानं चर्चा झाली. मीही डोकं खाजवलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

एके सकाळी मी शिलाई मशीन पुसता पुसता फोनवर ती चर्चा वाचत होते. कुठल्याशा देशातल्या माणसाने थट्टेत लिहिलं होतं, "मी याची सगळी मिशन ओळीने खेळलो. प्रत्येकात आधीच्यापेक्षा जास्त दिवे. या माणसाला अंधाराची भीती वाटायला लागली आहे का?"

मी फोन खाली ठेवला.

कारण घरातल्या गोष्टी मला एकदम एकामागून एक आठवायला लागल्या. मी बाजूने रीळ पुढे करते आणि तो घेतच नाही, नावाने हाक मारली की दचकून वळतो. डावीकडे ठेवलेल्या स्टुलावर आदळतो आणि स्टुलाला शिव्या देतो. जिन्यातला दिवा आताशा दिवसाही चालू ठेवतो. अंधार पडला की खाली जेवायला येत नाही, ताट वर पाठवा म्हणतो. माझा नवरा म्हणायचा, "म्हातारचळ लागला याला लग्नाआधीच." आम्ही हसायचो. आणि मागच्या आठवड्यात बसचा डावीकडचा आरसा फुटला होता. उभ्या बसला कोणीतरी धडक देऊन गेलं, असं त्याने सांगितलं होतं. आणि वाड्यातली ती दोन्ही भोकं? तीही डावीकडचीच.

दिवस लहान होत चालले होते. सकाळची फेरी आता अंधारातच निघायची. रस्त्याच्या डाव्या कडेला, थांब्याथांब्यावर, दप्तरं घेतलेली पोरं उभी असायची.

तोंडाने विचारलं असतं तर त्याने उडवून लावलं असतं. दरवर्षी ड्रायव्हरांची तपासणी होते, त्यात समोरचा तक्ता तो धडाधडा वाचतो. समोरचं त्याला दिसतंच की! नवऱ्याशी बोलले तर तो म्हणाला, "तुझा नुसता संशय. संशयावर त्याची भाकरी काढून घेणार का?" खरं होतं ते. ती बस म्हणजे त्याचा जीव. आणि माझी चूक निघाली असती तर या घरात मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती. पण माझं बरोबर असलं तर? शनिवारी दिवसभर मी एकाच पडद्याची शिवण घालत आणि उसवत होते.

शेवटी मी ठरवलं, याला याच्याच वाड्यात गाठायचं. मिशन तपासायला म्हणून त्याने मूळ फाइल मला आधीच दिली होती. मला फार येत नाही, पण दिवा काढायला आणि पहारेकरी ठेवायला येतं. लांब दालनातले बहुतेक दिवे मी काढून टाकले. डाव्या बाजूला एका कोनाड्यात एक पहारेकरी उभा केला. तो चालत नाही, बोलत नाही, नुसता उभा. त्याच्या शिरस्त्राणावर हलकीशी चकाकी पडेल एवढा उजेड राहू दिला.

रविवारी मी दुकानात मुद्दाम लवकर गेले. इतर दोघांना काही न सांगता ते दालन खेळायला लावलं. दातवालीने शिरताच पहारेकरी पाहिला. किल्लीवाल्यानेही पाहिला. "एवढा ढळढळीत?" तो म्हणाला. "वहिनी, शिवणकामच करा तुम्ही."

देवा, यालाही दिसू दे, मी मनात म्हणत होते. याने मला येडी ठरवू दे, आयुष्यभर चिडवू दे.

घुबड आला. मी म्हटलं, "तुझ्या दालनात थोडा बदल केलाय. भूत होऊन पेटी आणून दाखव."

"माझ्याच घरात मला चोरी शिकवतेस?" म्हणत तो खुर्चीवर बसला. बोटं मोडली. दालनात शिरला. अंधार बघून क्षणभर थबकला, मग वाट पाठ असलेल्या माणसासारखा झपझप निघाला, डाव्या भिंतीला धरून. थेट पहारेकऱ्याच्या अंगावर. आरडाओरडा, तलवार, खेळ खलास.

किल्लीवाला आणि दातवाली खो खो हसले. घुबडही हसला. "हा कुठून आला?"

"परत खेळ," मी म्हणाले.

तो परत खेळला. या वेळी हळू, डोकं पडद्याच्या जवळ नेऊन. पहारेकरी तिथेच उभा होता, चकाकत. आम्हा तिघांना तो दिसत होता. घुबड त्याच्या पुढ्यातून असा चालत गेला जसा रिकाम्या अंगणातून माणूस जातो. पुन्हा आरडाओरडा.

या वेळी कोणी हसलं नाही.

"हा हलतो का?" घुबडाने विचारलं.

"नाही," दातवाली हळूच म्हणाली. "तो सुरुवातीपासून तिथेच आहे."

त्याने तिसऱ्यांदा खेळ सुरू केला आणि दालनाच्या तोंडाशीच थांबला. मग सावकाश, अगदी सावकाश स्वतःची मान डावीकडे वळवली. पहारेकरी नजरेसमोर आला तेव्हा त्याचा हात माउसवरून सुटला.

"मुद्दाम केलंस," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "सगळ्यांसमोर."

"हो. एकट्याला विचारलं असतं तर खोटं बोलला असतास."

"मला दिसतं, वहिनी. समोरचं सगळं दिसतं. आणि रस्ता तर मला तोंडपाठ आहे. वळण, खड्डा, थांबा, डोळे मिटून नेईन बस."

"रस्ता पाठ असेल," मी म्हणाले, आणि माझा आवाज चिरकला, त्याचं मला काही वाटलं नाही. "पोरं पाठ आहेत का? तुझे पहारेकरी ठरल्या वाटेने चालतात. पोरं चालतात का रे ठरल्या वाटेने?"

किल्लीवाल्याने उगीचच एक किल्ली उचलून खाली ठेवली.

"आरसा कसा फुटला?" मी विचारलं.

त्याने माउस बाजूला सारला. मग म्हणाला, "खांब होता." थोडं थांबून पुन्हा म्हणाला, "खांबच होता. पण धडकलं तेव्हा मला कळलं नाही काय आहे ते. बस थांबवून उतरलो. अंधार होता. काही दिसेना. हाताने चाचपत गेलो, खाली, चाकाशी, सगळीकडे. मग खांब हाताला लागला. वहिनी, मी त्या खांबाला मिठी मारून उभा राहिलो."

दातवालीने तोंडावर हात ठेवला. मला त्याच्या मुस्काटात मारावंसं वाटलं आणि त्याला पोटाशीही धरावंसं वाटलं. त्यातलं मी काहीच केलं नाही.

"त्यानंतरही चालवत राहिलास," मी म्हणाले.

"कोणाला कळू दिलं नाही. तेच तर येतं मला." तो पडद्याकडे बघत होता. "आपण आलो होतो याचा मागमूस ठेवायचा नाही."

मग त्याने खिशातून फोन काढला. फोन डोळ्यांसमोर अगदी सरळ धरला आणि बस कार्यालयातल्या साहेबाला लावला. "उद्याची सकाळची फेरी दुसऱ्याला द्या," तो म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. ताप आहे, गावाला जायचंय, काहीही सांगता आलं असतं. "नाही, उद्यापुरतं नाही," तो म्हणाला. "मला दिसत नाही, साहेब. कडेचं दिसत नाही. अंधारात तर नाहीच." हे बोलताना त्याचा आवाज अगदी साधा होता, थांब्याचं नाव सांगावं तसा. बोलणं संपल्यावर मात्र फोन परत ठेवायला त्याला खिसा सापडेना. दातवाली उठून त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, डोळ्यांचा एक चांगला डॉक्टर तिच्या ओळखीचा आहे, उद्या सकाळीच जाऊ. त्याने मान हलवली. उद्या सकाळी त्याला दुसरं काही काम नव्हतं.

निघेपर्यंत बाहेर अंधारून आलं होतं. किल्लीवाल्याने दुकानाचा दिवा लावायला हात वर केला, तर घुबड म्हणाला, "राहू दे." आम्ही दोघं दाराशी आलो. इतके दिवस तो काहीतरी निमित्त काढून मागे राहायचा किंवा उजेड असतानाच सटकायचा, हे मला तेव्हा कळलं. आज तो दारातच उभा राहिला. हात पुढे करून त्याने माझं कोपर शोधलं, आधी हवेत, मग नेमकं.

"वहिनी," तो म्हणाला, "पुढे काय आहे?"

"पायरी आहे," मी म्हणाले. "सांभाळ."