कोऱ्या चेंडूचा लाल रंग

डॉक्टर मॅडमनी औषधाच्या बाटलीचं लाल झाकण माझ्यासमोर धरलं. आधी डावा डोळा झाकायला लावला, मग उजवा. "दोन्हींनी सारखंच लाल दिसतं?"

उजव्याने लालभडक दिसत होतं. डाव्याने मात्र धुऊन धुऊन विटलेल्या फडक्यासारखं.

"ऑप्टिक न्यूरायटिस," त्या म्हणाल्या. म्हणजे डोळ्यामागच्या नसेला सूज. मी पहिला प्रश्न विचारला, "कसोटी खेळता येईल ना?"

देशाच्या संघाची कर्णधार होते मी. आम्हा बायांच्या वाट्याला लाल चेंडूची कसोटी येते कुठे? सगळा जन्म पांढऱ्या चेंडूवर गेला. इतक्या वर्षांनी एक ठरली होती आणि नाणेफेकीला मी जाणार होते.

खरं तर लक्षण आधीच दिसलं होतं. नागपुरातल्या सरावात मी उपकर्णधारावर खेकसले, "एवढा जुना बॉल काहून काढला?" ती बिचारी चेंडू घेऊन जवळ आली. "दीदी, कोरा करकरीत आहे. आत्ताच डब्यातून काढला." मी तिलाच वेड्यात काढलं. डोळा फिरवला की दुखायचा, ते उन्हावर ढकललं. आई मागे लागली होती, "काहून वं अंगावर काढून राहिली? दवाखान्यात चाल." तुम्ही असं करू नका. एका डोळ्याने लाल रंग फिका दिसला तर त्याच दिवशी दाखवा.

एमआरआय झाला. त्या नळकांड्यात ठकठक ऐकत मी मनातल्या मनात क्षेत्ररक्षण लावत पडले होते. मेंदूत आणखी डाग निघाले. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे आपलंच शरीर आपल्या नसांवरचं आवरण कुरतडतं. आई रडली, मी मॅडमवर चिडले. सलाईनमधून स्टिरॉइड सुरू झालं. तोंडाला गंजलेली चव, झोपेचं खोबरं आणि चेहऱ्याचा भोपळा.

पण हळूहळू नजर परतली. झाकण पुन्हा लालभडक! मी मॅडमना मिठीच मारली.

नेटमधली पहिली काही षटकं काय सुंदर गेली! मग घाम फुटला, अंग तापलं, गोलंदाजाकडे वळलेला डावा डोळा धुरकटला आणि उपकर्णधाराच्या हातून सुटलेला चेंडू मधेच नाहीसा झाला. खांद्यावर आदळला तेव्हा कळलं. सावलीत बसून डोक्यावर पाणी ओतलं, तर सगळं परत लख्ख. उभी राहिले, खेळले, पुन्हा गायब.

"याला उथॉफ फिनॉमेनन म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "अंग तापलं की दुखावलेली नस निरोप पोचवत नाही. गार झालं की पोचवते." म्हणजे क्रिकेट सोडून सगळं करा!

लपवता आलं असतं. उपकर्णधार म्हणालीच, "दीदी, तुम्ही मिड-ऑफला उभ्या राहा, मी सांभाळून घेते." पण मिड-ऑफलाही चेंडू येतोच की. निवड समितीला मीच फोन केला. "मला दिसत नाही," एवढंच बोलता आलं.

औषधं चालू आहेत. चालते, वाचते, त्याबद्दल मॅडमचे उपकार मानते. तरी कुणी 'सगळं चांगल्यासाठीच होतं' म्हणालं की डोकं फिरतं.

कसोटीच्या सकाळी आईने कूलरमध्ये पाणी भरलं आणि माझी खुर्ची त्याच्यासमोर सरकवली. टीव्हीवर नाणेफेकीला उपकर्णधार चालत गेली. मग पहिलं षटक सुरू झालं.

"बॉल दिसते का वं?" आईने विचारलं.

"दिसते."

कोरा, लालभडक. त्या गार खोलीत मला त्याची शिवणसुद्धा दिसत होती.