स्वयंपाकघरातून आलेला आवाज

लहानपणी माझी मुलगी इतकी बोलायची की आम्ही तिला टिटवी म्हणायचो. आता तीच टिटवी गप्प बसून पोट भरते. लोकांच्या घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना त्यांचं आयुष्य विचारते, रेकॉर्ड करते आणि नको ते कापून मुलाबाळांच्या हाती देते. बरी नोकरी सोडून तिनं हे काढलं तेव्हा मी म्हणाले होते, "घरचे जे फुकट ऐकत नाहीत, ते तुझ्याकडून विकत घेतील होय?"

"विकत घेतलं की ऐकतात, आई."

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर. तिचा फोन वाजला की मला वाटतं, आली कुणाची तरी तक्रार.

आज दुपारी तो वाजला तेव्हा मी भाजी निवडत होते. स्पीकरवर एका निवृत्त बसचालकाचा मुलगा बोलत होता. त्याच्या वडिलांची मुलाखत टिटवीनं महिन्यापूर्वी पोचती केली होती. तीन तासांची. "मध्ये खुट्ट सुद्धा नाही," असं तिनं मला कौतुकानं सांगितलं होतं.

"ताई, तेव्हा आई आतून मध्ये मध्ये बोलत होती ना? ते कुठं आहे? तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. आता नुसती कुजबुज उरलीय. तिचा आवाज आमच्याकडं दुसरीकडं कुठंच नाही."

टिटवी पांढरीफटक पडली. काम पोचतं झालं की मूळ रेकॉर्डिंग ती पुसून टाकते. घरातलं बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून तसा शब्दच देते. बघून सांगते म्हणत तिनं फोन ठेवला. मी आपली नेहमीसारखी सुरू झाले, "तरी मी तुला सांगत होते..."

"आई, थांब जरा." ती उठून लॅपटॉपकडं गेली. "आजींचं बोलणं कापून मी वेगळं ठेवलं होतं. इतकं मजेशीर होतं की टाकायला हातच धजला नाही."

फाइलचं नाव होतं 'स्वयंपाकघर'. अकरा मिनिटं.

संध्याकाळी तिच्याबरोबर मीही त्यांच्या घरी गेले. एकटीला पाठवायचा धीर होईना. आजी कॉटवर, गळ्याला मफलर. आजोबा शेजारी खुर्चीत. टिटवीनं फाइल लावली.

"ब्रेक गेला तेव्हा गाडीत चाळीस माणसं होती," आजोबा सांगत होते. मागून भांडी आदळली आणि खणखणीत आवाज आला, "बारा होती. तेरावी मी. आणि ओरडत कोण होतं, तेही सांगा की."

मुलानं तोंड खिडकीकडं वळवलं. आजी हनुवटीला हात लावून ऐकत होत्या, एखादी शेजारीण बोलत असावी तशा. अकरा मिनिटं संपल्यावर त्यांनी आजोबांना जवळ बोलावून कानात काहीतरी सांगितलं.

"काय म्हणतायत?" टिटवीनं विचारलं.

"म्हणतेय, आता तरी कबूल करा." आजोबा गुडघा चोळत आजींकडं वळले. "तू धरून तेरा. आणि ओरडत मीच होतो."

आजी हसल्या. आवाज आला नाही, पण खांदे हलत होते.

निघताना मुलाला मी दोन प्रती करून ठेवा म्हणून सांगितलंच. टिटवीनं डोळे मोठे केले, करू देत. आता ती गाढ झोपलीय, फोन उशाशी आहे. वाजला तर वाजू दे.