भाऊजींचा नेम

माझे भाऊजी कवळ्या बनवायचे. चाळीस वर्षं तेच काम. दातांचे डॉक्टर तोंडाची मापं पाठवायचे. भाऊजी मागच्या खोलीत बसून साचा ओतायचे, दात बसवायचे आणि चाकावर घासायचे. घासताना उडालेली पांढरी धूळ त्यांच्या भुवयांवर बसायची.

"काय भाऊजी, आज एकदम म्हातारे?" मी विचारायचे.

"मेव्हणीबाई, अर्धं शहर माझ्या दातांनी हसतं. तुम्ही आपल्या दातांनी हसून घ्या."

साठी उलटली आणि जिना चढताना त्यांना धाप लागायला लागली. छातीचा फोटो काढला. ती धूळ फुफ्फुसात जाऊन बसली होती. "औषधानं निघेल ना?" ताई पुन्हा पुन्हा विचारत होती. डॉक्टर म्हणाले, "गेलेलं परत येत नाही. उरलंय ते सांभाळू. चाक बंद करा, श्वासाचे व्यायाम करा."

एक निवृत्त कवायतशिक्षिका आपल्या घराच्या वरच्या मजल्यावर योग शिकवायच्या. पहिल्या दिवशी मीच भाऊजींना घेऊन गेले. बावीस पायऱ्यांत तीनदा थांबलो. बाई कडक होत्या. आधी आपली जागा पुसायची, चटईला हात लावून मग बसायचं, आणि तोंडातून एक शब्द काढायचा नाही. ज्यांच्या जिभेला कधी विसावा नव्हता, ते भाऊजी मुकाट्यानं फडक्यानं फरशी पुसत होते. मांडी काही घालता आली नाही. सगळे डोळे मिटून बसले आणि नेमकी त्यांना उबळ आली. दुसऱ्यांना त्रास नको म्हणून ते जिन्यात जाऊन खोकले.

"चला घरी," मी म्हटलं.

"थांबा हो. अजून झोपायचं आसन राहिलंय. ते मला येतं."

मग घरी नेम सुरू झाला. साडेपाचला उठायचं, आंघोळ, त्याच खिडकीपाशी तीच चटई. एका नाकपुडीनं श्वास घ्यायचा, दुसरीनं सोडायचा, आणि सोडताना मनात आकडे मोजायचे. सुरुवातीला ते सातापर्यंत पोचायचे. दोन महिन्यांत बारापर्यंत गेले. मला फोन करून सांगितलं, "बारा झाले!" मध्येच आकडा चुकला, तर उठून हातपाय धुऊन पुन्हा पहिल्यापासून करायचे. ताई म्हणायची, "देवापुढं कधी दोन मिनिटं बसले नाहीत."

"मी चुकू दिलं नाही, तर मिळेल परत," एकदा ते मला म्हणाले. मी मान डोलावली. डॉक्टरांचं बोलणं मीही ऐकलं होतं, पण जीभ रेटेना.

पुढं बाराचे दहा झाले, दहाचे आठ. भाऊजींना वाटलं, नेमातच कुठं तरी खोट आहे. ते पाचला उठू लागले. चटईची दिशा बदलली. एकदा ताईच्या हातून पातेलं पडलं, तर तिच्यावर केवढे खेकसले!

"पातेलं पडलं म्हणून फुफ्फुस बिघडतं का हो?" ताई म्हणाली आणि न्हाणीघरात जाऊन रडली.

नव्या फोटोत पांढरं आणखी पसरलेलं होतं. भाऊजी तसेच बाईंकडे निघाले, मीही सोबत गेले. बावीस पायऱ्या चढायला अर्धा तास लागला. दारातच त्यांनी विचारलं, "बाई, माझं काय चुकलं?"

बाईंनी त्यांना खुर्ची दिली. पाणी दिलं. म्हणाल्या, "तुमच्याइतकं नीट माझ्याकडं कुणीच करत नाही. काही चुकलेलं नाही."

"मग?"

बाईंनी त्यांच्या हातातला रिकामा पेला काढून घेतला.

उतरताना माझा खांदा धरून भाऊजी म्हणाले, "चुकलं असतं तर बरं झालं असतं."

मला वाटलं, आता ते सोडून देतील. पण दुसऱ्या दिवशी ते बसलेच. पुढं आडवं झालं की जीव घाबरायचा, म्हणून झोपायचं आसन गेलं. मग नाकाला प्राणवायूची नळी लागली. ताई त्यांना भिंतीला उशा लावून चटईवर बसवायची. आकडे मोजणं त्यांनी बंद केलं होतं.

"आता कशाला बसता?" मी न राहवून विचारलं.

"उठून दुसरं काय करू?" त्यांनी माझ्याकडं बघितलं. चेष्टा नव्हती.

असे ते आठ महिने बसले. त्या वेळात ताई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असायची. त्यांचा एक श्वास सुटला की पुढचा ऐकू येईपर्यंत ती जागची हलायची नाही.