माघ वद्य सप्तमी

मी सूड घेतला, आणि तो घेताना मला फार बरं वाटलं, हे आधीच सांगून टाकते. सोज्वळपणाचा आव मला जमत नाही.

दूधविनायकाच्या गल्लीत आमचं घर. घराणं तीर्थोपाध्यायांचं. महाराष्ट्रातून काशीला कोण आलं, कुठल्या गावचं, इथे कुणी वारलं तर कुठल्या तिथीला, हे सगळं आमच्या वह्यांत लिहिलेलं. वह्या मोडीत. भाऊ घाटावर पूजा सांगतो, पण मोडी वाचायचा त्याला लहानपणापासून कंटाळा. वडिलांनी ती मला शिकवली.

मी शाळेतून रिटायर झाले त्या वर्षी एक कंपनी आली. वह्यांचे फोटो काढायचे, यंत्राला मोडी वाचायला शिकवायचं, मग कुणालाही घरबसल्या मोबाईलवर आपल्या पूर्वजांची तिथी मिळेल, असा बेत. चार महिने मी कंपनीच्या माणसाशेजारी बसून ओळ न् ओळ वाचून दाखवली. तो माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी खायचा आणि म्हणायचा, "मैडम, आप हमेशा हमारे साथ रहेंगी." मी विश्वास ठेवला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण मी शाळेत मुलांना वर्षानुवर्षं शिकवली होती.

एका दुपारी त्याने लॅपटॉप मिटला. "मैडम, अब सिस्टम सीख गया है. कल से हम नहीं आएँगे." गरज सरो, वैद्य मरो. बूट चढवताना त्याने सहज विचारलं, "वद्य मतलब कृष्ण पक्ष ही न?"

"हाँ, वही," मी म्हणाले.

यापुढचं एक वाक्य मी गिळलं. आमच्या पंचांगाचा महिना अमावास्येला संपतो, इकडच्या लोकांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षात काही अडत नाही. वद्यात मात्र आमचा माघ तो यांचा फाल्गुन. दोन्ही पंचांगं भिंतीवर शेजारी लावणाऱ्या घरातल्या पोरालाही हे ठाऊक असतं. यंत्राला ठाऊक नव्हतं. ते वद्यातलं प्रत्येक श्राद्ध महिनाभर आधीच करायला लावणार होतं.

यजमान आटले. ओसरीवर चपलांची रांग लागायची, ती बंद झाली. शेवटी भाऊ त्याच कंपनीत फोनवरच्या कामाला लागला. काय काम, ते मी विचारलं नाही. मी त्याच्याशी धड बोलतच नव्हते.

पण वद्य पक्ष लागला की माझ्या अंगात उत्साह यायचा. विमानाने येणारे बिल्डर, वकील, डॉक्टर बालाजी घाटावर भलत्याच महिन्यात पिंड देतायत, हे चित्र मी चहाबरोबर चवीने बघायचे. द्या, म्हणायचे, द्या! फुकटात आमची विद्या हवी होती ना?

आणि आमच्या पौष वद्य सप्तमीला, म्हणजे इकडच्या माघातल्या सप्तमीला, सकाळी एक बाई दारात आली. हातात मोबाईल, काखेत ओली साडी गुंडाळलेली पिशवी.

"तुमच्याच वहीत माझ्या बापाचं नाव होतं ना, काकू? घाटावर लोकांनी हे घर दाखवलं."

तिचा बाप ती लहान असताना काशीला आला आणि इथेच गेला. तिथी घरात कुणालाच माहीत नव्हती. मोबाईलवर ती तिला सापडली. तिला भाऊ नाही, म्हणून हीच आली. कोल्हापूरकडे कुठल्याशा हॉस्टेलात भाकऱ्या करते. बिनपगारी रजा काढून, जनरलच्या डब्यात बसून आली होती. पहाटेच घाटावर श्राद्ध उरकलं होतं आणि संध्याकाळच्या गाडीने परत निघायचं होतं.

तिने स्क्रीन पुढे केला. माघ वद्य सप्तमी. खाली त्याच दिवसाची तारीख. खरी तिथी पुढच्या महिन्यात होती.

पाणी आणते म्हणून मी आत गेले. भाऊ तिथेच होता, त्याने सगळं ऐकलं होतं.

"ताई, मला कामावर लागलो त्या हफ्त्यातच कळलं होतं," तो हळूच म्हणाला. "जास्त पैसे भरतात त्यांच्या तिथ्या मी ठीक करतो आणि फोन करून सांगतो. तेच तर माझं काम."

"आणि बाकीच्यांच्या?"

"साहेबांना बोललो मी. ते म्हणाले, सस्तेवालों की शिकायत कौन सुनता है."

मला हातातला तांब्या त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. त्याच्या नाही, त्या साहेबाच्या. त्यांना चूक माहीत होती आणि गरिबांसाठी ती त्यांनी तशीच ठेवली होती. मी वर्षभर ज्यांच्यासाठी विष कालवलं, त्यांच्या ताटात त्याचा थेंबही पडला नव्हता. माझा भाऊच तो रोज पुसून काढत होता, आणि त्याच पगारावर आम्ही दोघं जेवत होतो.

बाहेर येऊन मी तिला पाणी दिलं. ती घटाघटा प्यायली.

"काकू, तुम्हाला शास्त्र कळतं. बापाला पोचलं असंल ना?"

पुढच्या महिन्यात ये, असं कुठल्या तोंडाने सांगणार होते मी? तिला पुन्हा रजा कोण देणार होतं?

"पोचलं," मी म्हणाले.

"तुम्ही वह्या जपल्या, म्हणून झालं बगा हे," ती म्हणाली आणि पायावर डोकं ठेवायला वाकली. मी पाय मागे घेतले असते तर तिने कारण विचारलं असतं. मी तशीच उभी राहिले.