आक्कांची हाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर त्या दिवशी माझ्या शेजारीच उभी होती. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही आक्कांना ओळखत नाही, म्हणून असेल.

कसबा बावड्यात माझं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. वस्तू हातात आली की उघडून आत बघायचं, ही लहानपणापासूनची खोड. बंद पडलेली तर उघडतोच — चालू असलेलीही उघडतो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते खोटं नाही.

बंड्याला आम्ही कळंब्याहून आणलं. तिथं आक्का रस्त्यावरची पिल्लं घरी सांभाळतात आणि चांगलं घर मिळालं की देऊन टाकतात. बंड्या उसाच्या फडात सापडलेला, डोळेही न उघडलेला. कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून त्यांनी त्याला जगवलं. आक्का सीमेकडच्या, त्यामुळं कुत्र्यांशी बोलणं सगळं कानडीत. "पुट्टा, बा... बा," म्हणजे बाळा, ये — एवढं म्हटलं की हे बेणं असेल तिथून धावत यायचं.

आम्ही निघालो तेव्हा आक्का म्हणाल्या, "इतक्यात मी येत न्हाय. मला बघून झुरंल त्ये. आदी रुळू दे. मग एकदा येतो — मला वळखतंय का, तेवढं बघायचं हाय."

घरी आल्यावर पिल्लू जेवेना. आक्कांना कळवलं, तर त्यांनी मोबाइलवर आपली हाक भरून पाठवली. ती लावली आणि काय धावला बंड्या! मोबाइल चाटला, मोबाइलच्या मागं जाऊन बघितलं, दारापर्यंत जाऊन आला. मग निमूट जेवला.

इथंच थांबायला हवं होतं, नाही का? पण मला प्रश्न पडला — आवाज आहे आणि माणूस नाही, हे कुत्र्याला कळतं का? कळत नसेल, तर कितीदा ऐकल्यावर कळेल? बायको बाजाराला गेली की मी हाक लावायचो. मोबाइल कधी कपाटात, कधी माळ्यावर, एकदा तर तांदळाच्या डब्यात. तो शोधत सुटायचा आणि मी बघत बसायचो. मजा वाटायची — खरंच सांगतो. हळूहळू तो धावेनासा झाला, नुसता उठून उभा राहायचा. पुढं नुसता एक कान हलायचा. मग एक दिवस कानही हलला नाही. मला आनंद झाला. कोडं सुटल्याचा आनंद.

उन्हाळ्यात आक्का आल्या. फाटकाबाहेरच थांबल्या, गजांना धरून. बंड्या दारापुढच्या सोप्यात पडला होता. "पुट्टा, बा... बा."

त्यानं कानसुद्धा हलवला नाही. आक्कांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्यानं. तो तसाच पडून.

मला त्या क्षणी सगळं कळलं. फाटक उघडून नुसतं "आक्का, जवळ या" म्हणायचं होतं. पण मग तो हाकेला का उठत नाही, तेही सांगावं लागलं असतं — मी बंड्याकडंच बघत राहिलो.

बायको म्हणाली, "मनाला लावून घिऊ नगा, आक्का. कुत्र्याची जात, इसरतंय."

"व्हय की," आक्का हसल्या. "रुळलं म्हणायचं. ह्येच पायजे हुतं मला." चहाही न घेता गेल्या. वळणावर पदरानं डोळे पुसलेले मी पाहिले.

थोड्या वेळानं बंड्या आळोखेपिळोखे देत फाटकाशी गेला. आक्कांनी धरलेल्या गजांना त्यानं नाक लावलं. आणि मग त्याचं सगळं अंग थरथरायला लागलं. कुईं कुईं करत तो फाटक नखांनी ओरबाडत राहिला, रस्त्याकडं बघत, अगदी दिवेलागणीपर्यंत. मोबाइल माझ्या खिशात होता. आक्का अजून घरीही पोचल्या नसतील. मी फोन केला नाही.

सणावाराला त्यांचा फोन येतो. "बरा हाय न्हवं पुट्टा?" विचारतात, आणि हसून म्हणतात, "मला तर इसरलंच त्ये."

मी हो म्हणतो.