रऊफचाचांच्या रेडिओतली घरघर

त्या दुपारी माझा कॉम्प्युटर बंद नव्हता. हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

आर्णीत माझ्या टायपिंग सेंटरला लागून रऊफचाचांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. कापसाचं काही खरं उरलं नव्हतं, पोरांनी कॉम्प्युटर शिकावा अशी हवा होती, म्हणून मी सेंटर टाकलेलं. चाचांकडे भाच्यानं आखातातून आणलेला स्कॅनर होता, विमानांचं बोलणं पकडणारा रेडिओ. स्वतः कधी विमानात बसले नव्हते, पण डोक्यावरून जाणाऱ्या प्रत्येक विमानाची खबर चहाच्या टपरीवर द्यायचे. "दिल्लीवाला गेला. पायलटले सर्दी हाय." इंग्रजी त्यांना येत नसे. सर्दी तेवढी कळे.

माझं मशीन सुरू झालं की त्यांच्या स्कॅनरमध्ये घर्रर्र व्हायचं. पहिल्याच दिवशी दारात उभे. "अबे पोट्ट्या, तुह्या डब्ब्याले खोकला झाला. पायलट काय बोलते, काही समजू देत नाही!"

मग इलाज सुरू झाले. जुन्या टीव्हीतल्या, घरघर अडवणाऱ्या काळ्या कड्या त्यांनी माझ्या वायरींवर ओवल्या. तेलाचा पिपा कापून मशीनला पत्र्याचा अंगरखा चढवला, गिऱ्हाईकं विचारायची, "पाणी तापलं काय?" घरघर जमिनीत उतरावी म्हणून मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा खणून तार पुरली, किराणावाल्या धोटेंकडचं मीठ आणि कोळसा भरला, आणि ओल राहावी म्हणून रोज सकाळी त्यात बादलीभर पाणी. ऐन मे महिन्यात! चाची कपाळाला हात लावायची, "झाडं वाळून राह्यली, अन् हे तारेले पाणी पाजून राह्यले!"

घरघर निम्म्यानं उतरली. उरलेलीवर एकच इलाज होता, मशीन बंद ठेवणं. तो त्यांनी एकदाच मागितला.

शबाना, त्यांची एकुलती लेक, नर्सच्या नोकरीवर आखातात निघाली होती. नागपूरहून मुंबईला जाणारं तिचं विमान आर्णीवरून जाणार. चाचा नागपूरला पोचवायला गेलेच नाहीत. "तिथं काचेपर्यंतच जाऊ देतात. इथून मी तिच्या संगं वरपर्यंत जाईन. अर्धा घंटा बंद ठेव बेटा."

"ठेवतो, चाचा."

मी पडद्यावर पत्त्यांचा डाव मांडला होता. कधी नव्हे तो सुटत आला होता. मशीन बंद केलं तर डाव जाणार. मी फक्त स्क्रीनचं बटण दाबलं. मशीनचा दिवा पिप्याआड झाकलेला होता. चाचांनी डोकावून काळी काच पाहिली, "जीते रहो" म्हणाले आणि गेले. मी स्क्रीन पुन्हा लावली.

भिंतीपलीकडून घर्रर्र आली. मग चाचा बादली घेऊन अंगणात धावताना दिसले. एक बादली, दुसरी, शेवटी चाचीनं पिण्यासाठी भरलेला माठ. वर विमान जात होतं आणि चाचा चिखलात उभे राहून जमिनीला विनवत होते, "पी ना माय, पी!"

मी उठलो नाही. डाव सुटला.

संध्याकाळी माझ्या सेंटरवर मुंबईहून शबानाचा फोन आला. "एकदम साफ ऐकलं बेटा," चाचा ओरडून सांगत होते. "पायलटचा आवाज मोकळा होता. मी म्हटलं, पोरगी चांगल्या हातात हाय." फोन ठेवून माझ्याकडे वळले. "तुही काही गलती नाही. धोटेनं मीठच भेसळीचं देल्लं."

त्यानंतर मरेपर्यंत ते धोटेंशी बोलले नाहीत. मयतीला धोटे आले, पण लांब, रस्त्यापलीकडे उभे राहिले. मी खांदा दिला. शबाना आखातातून आली होती; येईल त्याला सांगत होती, "अब्बांनी माझं विमान ऐकलं होतं."

धोटेंची माफी मागणं आणि शबानाला खरं सांगणं, एवढं मी अजून देणं लागतो.